न झालेल्या गोलांचा हिशेब

रविवारची पहिली मिस्सा सुटली की वसई पश्चिमेच्या गावांतली मैदानं जागी होतात. कुठे चर्चच्या मागची मोकळी जागा, कुठे शाळेचं पटांगण, कुठे भात कापून झाल्यावर कोरडं पडलेलं शेत. गोलपोस्ट असला तर लोखंडी, नसला तर दोन बाजूंना दोन दप्तरं. पोरांच्या पाठीवर मेस्सी असतो, रोनाल्डो असतो, एम्बापे असतो. बचावपटूचं नाव पाठीवर मिरवणारा पोरगा मी अजून पाहिलेला नाही.

अशाच एका मैदानावर मी एकदा तेरा-चौदा वर्षांच्या एका किडकिडीत मुलाकडे बघत बसलो होतो. तो सगळ्यांत मागे खेळत होता. समोरच्या संघातला एक वेगवान पोरगा चेंडू घेऊन सुटला. मधे कुणीच नाही, फक्त हा. मला वाटलं, आता हा अंगावर धावून जाणार, पाय घालणार आणि चेंडू तरी काढणार, नाहीतर पोराला तरी पाडणार. त्यानं यातलं काहीच केलं नाही. तो मागे मागे सरकत राहिला. अंग तिरकं, गुडघे किंचित वाकलेले, नजर चेंडूवर. गोलकडे जाणारी आतली वाट त्यानं अंगानं झाकली आणि बाहेरची उघडी ठेवली. धावणाऱ्याला ती उघडी वाट दिसली. तो तिकडे वळला, आणखी वळला आणि शेवटी कॉर्नरच्या झेंड्यापाशी पोचून त्यानं जीव खाऊन किक मारली. चेंडू सरळ शेजारच्या केळीच्या वाडीत.

सगळे त्या किक मारणाऱ्याला हसले. चेंडू आणायला दोघं कुंपणावरून पलीकडे गेले. मागच्या पोराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझ्या बाजूला उभे असलेले एक अंकल तेवढे पुटपुटले, "त्या मागच्या पोराला बघितलंत? बॉलला शिवलासुद्धा नाही आणि गोल वाचवला."

त्या न शिवलेल्या चेंडूनं मला पुष्कळ दिवस छळलं.

शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर. त्या ठिपक्यावरून दोन खांबांकडे दोन दोऱ्या ताणल्या, तर त्यांच्यामध्ये सुमारे ३७ अंशांचा कोन होतो. आता गोलरेषेपासूनचं अंतर ११ मीटरच राहू द्या आणि फक्त १६ मीटर बाजूला सरका. कोन उरतो साधारण साडेबारा अंश. खांब जागचे हलले नाहीत, गोल एक इंचानंही आक्रसला नाही, तरी किक मारणाऱ्याच्या डोळ्यांना तो एक तृतीयांश झाला. त्या उरलेल्या फटीत पुन्हा गोलरक्षक उभा. चौदा वर्षांच्या त्या पोरानं त्रिकोणमिती शिकलेली नव्हती. त्यानं ती मागे सरकत सरकत मैदानावर आखून दाखवली.

बचावाची कला अशी आहे. तिची बेरीज होत नाही, कारण तिच्या खात्यात जमा होतात त्या न झालेल्या गोष्टी. आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजता येतात. बचावपटूमुळे न झालेले गोल कोण मोजणार? आणि असा माणूस पुढे प्रशिक्षक झाला, तर त्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडायचा कसा?

आपल्याकडे मैदानावर या मागच्या खेळाडूला अजूनही 'स्टॉपर' म्हणतात. मुंबईत म्हणतात, गोव्यात म्हणतात, कोलकात्यात म्हणतात. या शब्दाचा जन्म नियमातल्या एका छोट्या बदलातून झाला आहे. १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता, की पुढे उभ्या असलेल्या खेळाडूकडे पास मारला जाताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मधे समोरच्या संघाचे किमान तीन जण असायला हवेत. त्यामुळे दोन हुशार बचावपटू थोडे पुढे सरकून अख्ख्या संघाला ऑफसाइडच्या जाळ्यात पकडत. खेळ कंटाळवाणा झाला होता. म्हणून १९२५ मध्ये तीनचे दोन केले. बदल एवढाच.

परिणाम बघा. इंग्लंडच्या पहिल्या विभागात तेव्हा २२ संघ खेळत आणि हंगामात ४६२ सामने होत. जुन्या नियमाच्या शेवटच्या हंगामात त्यात ११९२ गोल झाले होते. नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात झाले १७०३. संघ तेवढेच, सामने तेवढेच आणि ५११ गोल जास्त. बचावफळ्यांची दाणादाण उडाली. त्या ऑक्टोबरात आर्सेनल न्यूकॅसलकडून ७-० असा हरला. मग आर्सेनलच्या चार्ली बकननं व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्यापाशी एका कल्पनेचा हट्ट धरला. मैदानाच्या मध्यावर खेळणाऱ्या सेंटर-हाफला मागे ओढा, दोन बॅकच्या मधोमध उभा करा आणि त्याला काम एकच द्या, थांबवणं. तो स्टॉपर. नियमाच्या पुस्तकातला एक आकडा बदलला आणि त्यातून एक नवा पेशा निघाला.

या पेशात एक गंमत दडलेली आहे. आघाडीचा खेळाडू बहुतेक वेळ समोरच्या गोलकडे पाठ करून उभा असतो. मधल्या फळीतल्याच्या पुढेही गर्दी आणि मागेही गर्दी. स्टॉपरच्या पाठीमागे मात्र फक्त गोलरक्षक. उरलेले वीस जण त्याच्या डोळ्यांसमोर पटावर मांडल्यासारखे दिसतात. म्हणूनच तो सतत ओरडत असतो. "मॅन ऑन!" म्हणजे तुझ्या पाठीवर माणूस आला. "टर्न!" म्हणजे मोकळा आहेस, वळ. "अप, अप!" म्हणजे सगळे एकदम पुढे सरका, त्यांना ऑफसाइडमध्ये सोडा. जो माणूस पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पाठीमागे काय चाललंय ते त्यांना ओरडून सांगत आलाय, त्याला एक दिवस रेषेबाहेर उभं करून तेच काम पगारावर दिलं, तर तो प्रशिक्षक झाला.

हे पटत नसेल तर थोडं आयर्लंडला जाऊन येऊ.

१९९० सालचा इटलीतला विश्वचषक. जेमतेम ३५ लाख वस्तीचा आयर्लंड पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला होता. त्यांचे प्रशिक्षक जॅक चार्लटन इंग्रज होते, १९६६ च्या विश्वविजेत्या संघातले स्टॉपर. त्यांचा हा आयरिश संघ पाच सामने खेळला, त्यांत दोनच गोल केले, ठरलेल्या वेळेत एकही सामना जिंकला नाही आणि तरी उपांत्यपूर्व फेरीत पोचला! साखळीत तीन बरोबऱ्या, मग जिनोआत रुमानियाशी ०-० आणि पेनल्ट्या. पाचव्या पेनल्टीला गोलरक्षक पॅकी बॉनरनं रुमानियाच्या टिमोफ्टेचा फटका अडवला. आता आयर्लंडची पाचवी पेनल्टी. ती मारायला पुढे आला जादा वेळेत बदली म्हणून उतरलेला डेव्हिड ओ'लिअरी. हाही स्टॉपर, आर्सेनलसाठी ७२२ सामने खेळलेला. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. त्यानं चेंडू ठेवला, मारला आणि देश जल्लोषात बुडाला.

त्या संघाकडे आज मागे वळून बघताना मी थक्क होतो. ओ'लिअरी पुढे लीड्सचा व्यवस्थापक झाला आणि २००१ मध्ये त्यानं तो संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत नेला. तो ज्याच्या जागी उतरला होता तो बचावपटू स्टीव्ह स्टॉन्टन २००६ मध्ये आयर्लंडचा व्यवस्थापक झाला. कर्णधार होता मिक मॅकार्थी, तोही स्टॉपर. त्यानं प्रशिक्षक म्हणून आयर्लंडला २००२ च्या विश्वचषकात नेलं. त्याच चमूतला आणखी एक बचावपटू ख्रिस ह्यूटन २०१७ मध्ये ब्रायटनला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेला. एका चमूच्या मागच्या फळीतून चार व्यवस्थापक निघाले, आणि त्यांना घडवणाराही बचावपटूच.

पण म्हणून प्रत्येक स्टॉपर चांगला प्रशिक्षक होतोच असं नाही. स्टॉन्टन देशासाठी १०२ सामने खेळलेला मोठा खेळाडू. त्याच्या व्यवस्थापनाखाली आयर्लंड सायप्रससारख्या छोट्या देशाकडून ५-२ असा हरला आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत त्याला जावं लागलं. दिसणं वेगळं आणि दुसऱ्याला दाखवता येणं वेगळं.

आता घरी परत. आपल्याकडे अशी कारकीर्द कोणाची? शोधायला निघालं की एका आडनावापाशी थांबावं लागतं, आणि ते आडनाव वसईकरांच्या रोजच्या ओळखीचं आहे. परेरा. आमच्याकडे गावोगावी, पाटीपाटीवर परेरा भेटतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नासपतीचं झाड. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा ते गेले आणि आडनावं राहिली. गोव्यात ते १९६१ पर्यंत राहिले. त्यामुळे पुष्कळांचा समज असतो, की वसईतलं आणि गोव्यातलं फुटबॉल पोर्तुगीजांनी आणलं. तसं नाही. पोर्तुगीजांनी वसई सोडली तेव्हा आजच्या फुटबॉलचे नियमच लिहिले गेले नव्हते, ते १८६३ मध्ये लंडनमध्ये लिहिले गेले. गोव्यात हा खेळ रुजवल्याचं श्रेय दिलं जातं ते फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंना. १८८३ मध्ये ते शिवोलीला आले होते. आडनाव पोर्तुगीजांचं, खेळ इंग्रजांचा आणि दोन्ही आपल्या मातीत मुरलेले.

ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते डेरिक परेरा गोव्याचे. वास्कोच्या साळगावकर क्लबच्या बचावातले स्टॉपर. भारताच्या संघातूनही खेळले. ऐंशीच्या दशकापर्यंत देशातल्या फुटबॉलवर कोलकात्याची हुकमत होती आणि फेडरेशन कप गोव्याच्या क्लबच्या हाती कधी लागला नव्हता. १९८८ मध्ये साळगावकरनं तो जिंकला आणि १९८९ मध्ये पुन्हा जिंकला. परेरा त्या पिढीचे खेळाडू. त्या काळच्या गोव्यातल्या फुटबॉलच्या गोष्टी निघाल्या की आधी नावं येतात ती गोल मारणाऱ्यांची आणि मग गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांचं. स्टॉपरचं नाव सांगायला कुणीतरी जाणकार लागतो, आमच्या मैदानावरच्या त्या अंकलसारखा.

परेरांची खरी गोष्ट खेळाडूपण संपल्यावर सुरू होते, आणि तिचा मोठा भाग घडतो महाराष्ट्रात.

खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा त्याच्या जगाचा आकार कसा बदलतो तेही बघण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय मैदान सहसा १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. स्टॉपर त्याची मागची सगळी पट्टी राखतो. निवृत्त होऊन प्रशिक्षक झाला की नियम त्याला एक चौकट आखून देतो. राखीव खेळाडूंच्या बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि पुढे मैदानाच्या रेषेपासून एक मीटर अलीकडे. संपली त्याची जमीन. तिथून तो फक्त बघू शकतो, ओरडू शकतो आणि मोजके खेळाडू बदलू शकतो. पाय घालण्याची सोय राहिली नाही. आमच्या किडकिडीत पोराचीच ही गत. चेंडूला न शिवता चेंडूची वाट बदलायची.

या चौकटीत उभे राहून परेरांनी २००५-०६ च्या हंगामात मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला कुठे नेऊन ठेवलं ते ऐका. हा क्लब १९६२ पासूनचा, लाल जर्सीतला, जीप बनवणाऱ्या कंपनीचा म्हणून 'जीपमेन'. त्या हंगामात त्यांनी आधी फेडरेशन कप जिंकला आणि मग राष्ट्रीय फुटबॉल लीगही. ही लीग १९९६ मध्ये सुरू झाली होती. तोवरच्या नऊ हंगामांत ती पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्याबाहेर गेली नव्हती. कोलकात्याच्या दोन बलाढ्य क्लबांना आणि गोव्याच्या क्लबांना मागे टाकून मुंबईचा संघ विजेता झाला. त्या संघात ब्राझीलचा होजे बारेटो होता, घानाचा युसिफ याकुबू होता आणि मुंबईचा स्टीव्हन डायस होता. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, महिंद्रानं आशियातल्या एएफसी कप स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरीही गाठली.

विरारहून चर्चगेट ६० किलोमीटर. तिथून कूपरेज मैदान पायी दहा-पंधरा मिनिटांवर. फास्ट लोकलनं गेलं तरी जाऊन-येऊन तीन तास गाडीतच जातात. तरीही त्या दिवसांत आमच्याकडची पोरं कूपरेजला जात, कारण देशातला सगळ्यांत चांगला संघ आपल्याच लोकलच्या शेवटच्या स्टेशनाजवळ खेळत होता. वानखेडे तिथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या गर्दीच्या मानानं कूपरेजची गर्दी मूठभर. पण त्या मुठीत वसई-विरारची पोरं असत, आणि परतीच्या गाडीत बोरिवली येईपर्यंत सामना पुन्हा एकदा खेळला जाई.

२००९ मध्ये परेरा पुण्याला गेले. पुणे एफसी हा क्लब २००७ मध्ये जन्मलेला, दुसऱ्या विभागातून नुकताच वर आलेला. राष्ट्रीय लीगचं नाव आता आय-लीग झालं होतं. वर आलेल्या संघाचं पहिल्या वर्षी ध्येय एकच असतं, पुन्हा खाली न जाणं. पुणे एफसी पहिल्याच वर्षी तिसरा आला. बालेवाडीत सामने होत, आणि क्रिकेट व कुस्ती यांच्या पुण्यात फुटबॉलची चर्चा सुरू झाली. २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसी उपविजेता झाला, विजेता होता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. चार वर्षं एका क्लबकडे टिकणं हेही भारतीय फुटबॉलमध्ये नवल. इथे प्रशिक्षक पावसाळ्याच्या हिशेबानं बदलतात.

मग परेरा आपल्या जुन्या घरी, साळगावकरला परतले. आणि २०१४ मध्ये असा एक सामना झाला की गोष्ट लिहिणाऱ्यानं रचला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. ड्युरँड कप, १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेली, जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. त्या वर्षी ती गोव्यात झाली. अंतिम सामना साळगावकर विरुद्ध पुणे एफसी. साळगावकरच्या बाजूला परेरा, ज्यांनी पुणे एफसी उभा केला होता. पुण्याच्या बाजूला मोरोक्कोचे करीम बेंचरिफा, ज्यांनी २०१०-११ मध्ये साळगावकरला आय-लीग जिंकून दिली होती. दोघेही एकमेकांच्या घरात राहून आलेले आणि कुठल्या खिडकीची कडी सैल आहे हे जाणणारे. अशा सामन्यात गोल किती होणार? एकच झाला. साळगावकर १-०.

पुढची पानं इतकी चमकदार नाहीत आणि तीही सांगायला हवीत. २०१५-१६ मध्ये परेरा पुन्हा पुण्यात आले, डीएसके शिवाजीयन्सकडे. आय-लीगमध्ये नव्यानं आलेला तो संघ तळाला राहिला. त्यानंतर चर्चिल ब्रदर्स, मग एफसी गोवा. २०१९ च्या मार्चमध्ये भारताचा २३ वर्षांखालील संघ घेऊन ते ताश्कंदला गेले, तिथे दोन्ही सामने हातचे गेले. बचावाचं गणित प्रत्येक वेळी सुटतंच असं नाही. समोरचा कधी कधी साडेबारा अंशांतूनही गोल मारतो.

२०२१ च्या डिसेंबरात एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो हंगामाच्या मध्यातच क्लब सोडून कोलकात्याला गेले. क्लबनं परेरांना पुढे केलं. तो कोविडचा काळ होता. इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये चालला होता. त्या हंगामानं फुटबॉल बघणाऱ्यांना एक वेगळीच देणगी दिली. गर्दीचा आवाज नसल्यामुळे टीव्हीवर मैदानातले आवाज ऐकू येत होते. बुटावर चेंडू आदळल्याचा थप्प आवाज, गोलरक्षकाची हाक आणि सतत, न थांबता, मागच्या फळीची ओरड. एरवी हजारो प्रेक्षकांच्या गोंगाटात बुडून जाणारं स्टॉपरचं काम आपण त्या वर्षी कानांनी ऐकलं. गोव्याला तो हंगाम चांगला गेला नाही. पण मला राहून राहून वाटतं, की रिकाम्या मैदानाबाहेर उभं राहून त्या हाका ऐकणारा माणूस जुना स्टॉपर होता हे मोठं जुळून आलं होतं.

आता महाराष्ट्राकडे वळून बघा आणि एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घ्या. परेरांनी इथे तीन क्लब हाताळले. महिंद्रा युनायटेडनं २०१० मध्ये, लीग जिंकून पुरती चार वर्षं झाल्यावर, वरिष्ठ संघ बंद केला. पुणे एफसीचा संघ २०१५ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. डीएसके शिवाजीयन्सही २०१७ नंतर नाही. तीनपैकी एकही संघ आज उभा नाही. कारणं पैशांची होती, नव्या लीगच्या आगमनाची होती, कंपन्यांच्या बदलत्या धोरणांची होती. त्यांतलं एकही मैदानावर घडलं नव्हतं. ज्याचं आयुष्य गोल वाचवण्यात गेलं, त्याला घरं वाचवता येत नाहीत. ते काम दुसऱ्या कुणाचं असतं.

मग शिल्लक काय राहिलं? माणसं. महिंद्राच्या जर्सीत वर्षानुवर्षं घालवलेले खालिद जमील प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देऊन सगळ्या देशाला तोंडात बोट घालायला लावलं, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून ते भारताचे मुख्य प्रशिक्षक आहेत. स्टीव्हन डायसही प्रशिक्षणाकडे वळले. कूपरेजच्या त्या बाकांवरून उठलेली माणसं आज दुसऱ्या मैदानांच्या रेषेबाहेर, त्या छोट्या चौकटीत उभी आहेत. क्लबचं दुकान बंद झालं तरी कारागिरांनी हत्यारं टाकली नाहीत.

म्हणून परेरांच्या कारकिर्दीचा हिशेब करताना मी नुसते करंडक मोजत नाही. मोजायचेच झाले तर आहेत, फेडरेशन कप आहे, राष्ट्रीय लीग आहे, ड्युरँड आहे. पण नव्यानं वर आलेला पुणे एफसी खाली घसरला नाही, हे कुठल्या करंडकावर कोरायचं? एखादा पोरगा बेसावध पाय घालायच्या ऐवजी मागे सरकायला शिकला, हे कुठल्या तक्त्यात भरायचं? आपल्याकडे दिसणाऱ्या कामाला टाळ्या आहेत. घरात काय, कचेरीत काय, धरणावर काय, ज्यांच्यामुळे वाईट घडलं नाही त्यांचं नाव घ्यायची आपल्याला सवय नाही. फुटबॉल ही खोड जरा मोठी करून दाखवतं, एवढंच.

एक आकडा मात्र पक्का आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून जवळजवळ तीस वर्षं झाली. या दोन्हींत महाराष्ट्रातल्या क्लबनं विजेतेपद मिळवलं ते एकदाच, २००५-०६ मध्ये, आणि त्या संघाच्या रेषेबाहेर उभा होता एक जुना स्टॉपर.

पुढच्या रविवारी वसईत असाल, तर कुठल्याही मैदानाच्या कडेला दहा मिनिटं थांबा. चेंडूकडे बघू नका. सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या पोराकडे बघा. आणि चेंडू केळीच्या वाडीत गेला, तर टाळी त्याच्यासाठी वाजवा.